गच्चीवर आखलेला व्हिला

ऑफिसात सगळे तिला व्हिलाबाई म्हणत. तिला नाव होतं, चांगलं होतं, पण ते फक्त हजेरीपुरतं उरलं होतं. प्रवासाच्या त्या ऑफिसात खिडकीजवळच्या टेबलाशी बसून ती लोकांना बेटांवर धाडायची. बसच्या सहली, साधी हॉटेलं, हे बाकीच्यांकडे. तिच्याकडे यायची ती खास गिऱ्हाइकं. ज्यांना समुद्राच्या काठी अख्खं घर हवं, घरापुढे स्वतःचा पोहायचा तलाव हवा, हाताशी स्वयंपाकी हवा आणि सकाळी डोळे उघडले की समोर नारळाची झावळी डोलताना दिसायला हवी. इतकं मागणाऱ्याला घरी काय कमी असतं, असा प्रश्न तिला सुरुवातीला पडायचा. पुढे पडेनासा झाला. माणसं घर सोडून घरातच राहायला जातात, कारण जुन्या घरात त्यांना एकमेकांकडे बघायला सवड नसते, असं तिचं मत झालं होतं. मतं तिच्याकडे भरपूर होती आणि ती फुकट मिळायची.

तिची कामाची रीत मात्र जगावेगळी होती. रंगीत फोटो दाखवून ती कुणाचं बुकिंग करत नसे. "फोटो काय, फोटोत माझी बहीणही बारीक दिसते," असं म्हणून ती गिऱ्हाइकाला रविवारी थेट आपल्या घरी, इमारतीच्या गच्चीवर बोलवायची. तिथे तो व्हिला खऱ्या मापात आखलेला असायचा. इथे दार, इथे पलंग, इथे न्हाणीघर, हा तलावाचा काठ, या समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्या. सगळं पांढऱ्या रेघांत. "चला, राहून बघा," ती म्हणायची.

लोक आधी हसायचे आणि मग चपला काढून आत शिरायचे. एका कारखानदाराच्या आईची चाकाची खुर्ची पलंग आणि भिंत यांच्यामध्ये वळतच नाही, हे तिथेच कळलं आणि घर बदललं. एका कुटुंबातल्या भावाभावांचं समुद्राकडची खोली कुणाची यावरून गच्चीवरच असं जुंपलं, की वहिन्यांना मध्ये पडावं लागलं. बेटावर मग ते गुण्यागोविंदानं राहिले. "भांडण इथंच उरकून घ्या, तिकडे नेऊ नका, सामानाचं वजन वाढतं," हा तिचा सल्ला ठरलेला. खालच्या मजल्यावरच्या वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालायला आल्या की ती ओरडायची, "वहिनी, जरा बाजूला, तुम्ही तलावात उभ्या आहात!" वहिनीही काही कमी नव्हत्या. त्या साडी सावरून काठावर चढायच्या.

रेघा मारायचा तो तिचा नवरा. तो पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. सगळं गाव त्याला पेंटर म्हणायचं आणि रागात असली की तीही म्हणायची. एरवी 'अहो'. गच्चीवर आखणी करताना दोघांचं चांगलं जमायचं. दोऱ्याला खडूची भुकटी चोळायची, एक टोक त्यानं अंगठ्याखाली दाबायचं, दुसरं तिनं, आणि दोरा ताणून मधोमध उचलून सोडायचा. टण्! फरशीवर सरळ पांढरी रेघ उमटायची. याला सूत मारणं म्हणतात. लग्न झाल्यापासून तिनं दोऱ्याचं दुसरं टोक धरलेलं होतं.

ती स्वतः मात्र कधी बेटावर गेली नव्हती. सुट्ट्यांचा हंगाम म्हणजे ऑफिसच्या कामाचा हंगाम. फोन कोण घेणार? मग मुलीचं शिक्षण, मग मुलीचं लग्न. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण," पेंटर चिडवायचा. "अगदी कोरडे. पायसुद्धा ओले नाहीत तुझे." ती म्हणायची, "जाऊ की. समुद्र कुठे पळून चाललाय?"

समुद्र पळाला नाही. त्याची नजर पळाली.

काचबिंदू होता. तो गुपचूप येतो आणि कडेकडेनं खातो, असं डॉक्टरांनी सांगितलं. आधी त्याच्या ओळी तिरक्या जायला लागल्या. मग एका औषधांच्या दुकानाच्या पाटीवर शेवटचं अक्षर कडेच्या बाहेर जाऊन चौकटीवर चढलं. दुकानदार भला माणूस, तो म्हणाला, "राहू दे पेंटर, वाचता येतंय." ते 'राहू दे' पेंटरच्या जिव्हारी लागलं. त्यानं सगळे ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतले, कोरडे केले, फडक्यात गुंडाळले आणि दुकानाची किल्ली बायकोच्या हातात दिली. त्यानंतर त्याचं दिसणं म्हणजे समोर धुकं, उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढंच.

डोळे गेले त्याचं दुःख तिला होतंच, पण त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. पेंटर खुर्चीत बसला तो बसलाच. जिना उतरेना, गच्चीवर येईना. ज्या घरात त्यानं आयुष्य काढलं तिथं खुर्चीपासून न्हाणीघरापर्यंत जायचं तरी तो म्हणायचा, "हात दे." पहाटे उठला की, "हात दे." ती डावा कोपर पुढे करायची आणि तो धरून चालायचा. आंधळ्या माणसाला स्वतःचं घर तरी पायाखालचं असतं. याला तेही नको झालं होतं. आपला नवरा असाच बसून संपणार, ही भीती तिच्या मनात घर करून बसली होती. ती कुणाला सांगायची नाही. मुलगी फोनवर विचारायची, "बाबा कसे आहेत?" ती म्हणायची, "मजेत. रुसलेत जगावर."

अशात बेटावरून फोन आला. तिथल्या दोन व्हिलांची म्हातारी मालकीण, जिच्याकडे तिनं आजवर शेकडो माणसं धाडली होती, म्हणाली, "हा हंगाम संपला की मी सगळं पुतण्याच्या ताब्यात देतेय. माझ्या हातात आहे तोवर ये. आठवडाभर राहा. पाहुणी म्हणून, बुकिंग नाही. नवऱ्याला घेऊन ये."

तिनं घरी आल्या आल्या सांगितलं. पेंटरनं खुर्चीतूनच उत्तर दिलं, "तू जा. मला कशाला? आंधळ्याला समुद्र काय आणि डबकं काय."

"वास तर येईल."

"मासळीबाजारात घेऊन चल. तिथंही येतो."

"अहो, तिथं तुम्हाला चालायला मोकळी जागा आहे. वाळू आहे."

"नवीन घरात मी भिंतींवर आपटणार आणि तू दिवसभर कोपर पुढे करून उभी राहणार. त्याला सुट्टी म्हणतात का? त्यापेक्षा मी इथं बरा."

मुलीचं मतही तेच पडलं. "आई, बाबांना कशाला ओढतेस? पडले-बिडले तर?" घोडं तिथंच अडलं. पण ही बाई लोकांचे हट्ट मोडण्यात मुरलेली होती. तिनं मालकिणीला 'येतोय' असं परस्पर कळवलं आणि रविवारी सकाळी पेंटरला म्हणाली, "वर ऊन छान आहे, चला बसायला." दोन-चार वेळा नाही म्हणून झाल्यावर तो तिचा कोपर धरून वर आला. तिनं त्याला टाकीच्या सावलीत खुर्चीवर बसवलं, आणि स्वतः दोरा घेऊन कामाला लागली.

दोऱ्याचं टोक धरायला कुणी नव्हतं. तिनं ते टाकीच्या नळाला बांधलं, दुसरं ओढलं आणि सूत मारलं. थप्प. पुन्हा मारलं. थप्प.

खुर्चीत चुळबुळ सुरू झाली. "काय चाललंय?"

"तुमचं काय जातं? मी माझं काम करतेय."

थप्प.

"सूत ढिलं आहे."

"असू दे."

"असू दे काय? त्या रेघेवर भिंत उभी केली तर घर नाचेल." तो उठला. हात पुढे करून चाचपडत आला, आणि आज तो 'हात दे' म्हणाला नाही. म्हणाला, "टोक दे." तिनं दिलं. त्यानं गुडघे टेकले, अंगठ्याखाली दोरा दाबला, बोटानं त्याचा ताण बघितला आणि उचलून सोडला. टण्!

तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं. त्याला दिसणार नव्हतं, तरी फिरवलं.

तर असं ते बेटावरचं घर आखलं गेलं. पण खडूची रेघ पायाला लागत नाही, ही अडचण होतीच. ती काढली पेंटरनंच. वहिनींची कपड्यांची जुनी दोरी मागून आणली आणि प्रत्येक रेघेवर चिकटपट्टीनं बसवली. अनवाणी पायाला भिंत लागायला लागली. जिथं दोरी नाही तिथं दार. न्हाणीघराच्या दाराशी पायपुसणं टाकलं. तलावाच्या काठावर बारीक खडी पसरली, म्हणजे पाय टोचला की थांबायचं. पायऱ्यांसाठी वाळूची एक गोणी फोडली. कुणी म्हणालं पावलं मोजा, तर त्याचा पारा चढायचा. "मोजायला मी कारकून आहे का? मला रेघ कळते."

आणि खरंच त्याला रेघ कळायला लागली. रोज संध्याकाळी ती ऑफिसातून यायची तेव्हा हा आधीच तयार असायचा. दारातून आत, उजव्या हाताला बसायची खोली, पुढे जेवणाचं टेबल, टेबलाला वळसा घालून डावीकडे झोपायची खोली, काचेचं मोठं सरकतं दार, बाहेर पडवी, तलावाच्या कडेनं उजवीकडे आणि मग समुद्राच्या पायऱ्या. सुरुवातीला तो तिचा कोपर धरून फिरला, मग नुसतं एक बोट, मग तेही सुटलं. एकदा वहिनी बादली घेऊन आल्या तर हा म्हणाला, "वहिनी, दारातून या. भिंतीतून काय येताय?" वहिनी मुकाट्यानं वळसा घालून दारातून आल्या. त्या दिवशी तिघांनी गच्चीवरच, म्हणजे जेवणाच्या टेबलाशी, चहा घेतला.

पेंटर पुन्हा थट्टा करायला लागला होता. दाढी रोज व्हायला लागली. "पोहायची चड्डी आहे का मला?" असं त्यानं विचारलं त्या दिवशी ती स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसली.

निघायला आठवडाही उरला नसताना मालकिणीचा फोन आला. बिचारी फार ओशाळली होती. पुतण्यानं तिला न विचारता ते घर एका मोठ्या लग्नाच्या वऱ्हाडाला देऊन टाकलं होतं. "पण काळजी करू नकोस," ती म्हणाली, "समोरचं मोकळं आहे. अगदी तसंच. जुळी घरंच ती. वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर, फक्त हे त्याच्या उलट. तिकडे जे उजवीकडे ते इथे डावीकडे."

तिनं फोन ठेवला आणि तशीच बसून राहिली. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, घर मिळालं ना, झालं. पण तिच्या डोळ्यांसमोर काचेचं दार होतं आणि दारावर आपटणारा पेंटर होता. एकदा आपटला की संपलं. तो परत खुर्चीत बसणार आणि मग देव आला तरी उठणार नाही. गिऱ्हाइकाला ती पहिला प्रश्न विचारायची, "ऐनवेळी घर बदललं तर चालेल का?" स्वतःच्या वेळी मात्र तिला तो सुचला नव्हता. जुळ्या घरांतलं दुसरं घर तिनं स्वतः कितीजणांना दिलं होतं! हात दाखवून अवलक्षण झालं होतं.

त्या संध्याकाळी तो वर फेऱ्या मारत होता आणि ती टाकीला टेकून उभी होती. प्रत्येक वळण बिनचूक. जितकं बिनचूक, तितकं तिला सांगणं अवघड होत होतं. दुसऱ्या दिवशीही तिची जीभ रेटेना. न जायचं कारण काढावं, ऑफिसावर ढकलावं, असंही मनात आलं. शेवटी चहा देताना कप हातातून निसटला.

"काय लपवतेस?" पेंटरनं विचारलं.

"कुठे काय?"

"कालपासून तुझा आवाज ढिल्या सुतासारखा येतोय. बोल."

तिनं सांगितलं. सगळं, एका दमात. मग म्हणाली, "चूक माझीच आहे. आधी विचारायला हवं होतं. आपण नको जाऊ या. पुढे कधीतरी बघू."

पेंटर मागे टेकला. ती फुटलेल्या कपाचे तुकडे वेचायला लागली. तिला वाटलं, गेला. परत गेला हा माणूस खुर्चीत.

"उलटं म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "आरशातल्यासारखं?"

"हो."

"उजवं ते डावं. बाकी मापं तीच?"

"तीच."

"आणि यासाठी तू कप फोडलास!" तो एकदम मोठ्यानं हसला. "अगं, दुकानांच्या काचेच्या दारांवर अक्षरं असतात ती कुठून काढतात? आतून! बाहेरून काढली तर पावसानं जातात, लोक नखानं खरवडतात. आतून उलटी काढायची, शेवटच्या अक्षरापासून, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला सुलटी दिसतात. आयुष्यभर मी उलटंच लिहीत आलो. सुलटं लिहायला मला जास्त विचार करावा लागायचा! चल वर."

"आत्ता? दोऱ्या तर..."

"दोऱ्या काढून टाक सगळ्या. दोऱ्यांची काय गरज?"

तिनं पुढे जाऊन दोऱ्या उपटल्या, खडी झाडली, पायपुसणं उचललं. गच्ची मोकळी झाली. खडूच्या रेघा केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. पेंटर जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. त्यानं उजवा तळहात हवेत धरला, क्षणभर काचेवर टेकवल्यासारखा, आणि चालायला लागला. दारातून आत. डावीकडे बसायची खोली. पुढे टेबल. टेबलाला वळसा, उजवीकडे झोपायची खोली. तिथं थांबून त्यानं हातानं काचेचं दार सरकवलं. पडवी. तलावाच्या कडेनं डावीकडे...

"बाजूला हो," तो म्हणाला. "तू न्हाणीघरात उभी आहेस."

ती चटकन बाजूला झाली. तिला स्वतःला ते घर कळत नव्हतं. जुनं घर डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की ती दर वळणावर चुकत होती आणि तो पावलांच्या आवाजावरून ओळखून, हाक मारून तिला वाटेवर आणत होता. वहिनी जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. "मोकळ्या गच्चीवर काय चाललंय यांचं?" त्यांनी विचारलं. "घर दाखवतोय हिला," पेंटर म्हणाला.

मग ते गेले. विमान, मग बोट, मग लाकडी धक्का. संध्याकाळ होत आली होती. मालकिणीनं स्वतः येऊन कुलूप उघडलं आणि दोघांना आत सोडून ती निघून गेली. व्हिलाबाई आयुष्यात पहिल्यांदा व्हिलात शिरली. फोटोत असतं तसंच सगळं होतं, झावळीसुद्धा. सामान ठेवून ती सवयीनं झोपायच्या खोलीकडे म्हणून वळली आणि भांड्यांच्या कपाटाला जाऊन धडकली.

"अगं, इकडे," मागून पेंटर म्हणाला. त्यानं आपला कोपर पुढे केला. तिनं धरला. त्यानं तिला टेबलाला वळसा घालून नेलं, सरकतं दार पहिल्या झटक्यात शोधलं आणि पडवीत आणून उभं केलं.

"सांग," तो म्हणाला. "काय दिसतं?"

फोनवर या समुद्राचं वर्णन तिनं इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की झोपेत विचारलं तरी तिनं सांगितलं असतं. आता मात्र ती रडायला लागली.

"बरं बरं," पेंटर म्हणाला. "सावकाश सांग. आठवडा आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिला नेहमीप्रमाणे जाग आली. डोळे मिटूनच तिनं डावा हात पुढे सरकवला आणि त्याच्या 'हात दे'ची वाट बघत पडून राहिली. हाक आली नाही. तिनं डोळे उघडले. शेजारची जागा रिकामी होती आणि सरकतं दार माणूस जाईल इतकं उघडं होतं.

ती धडपडत उठली. न्हाणीघर बघायला धावली ती पुन्हा चुकीच्या बाजूला गेली, परत फिरली, पडवीत आली. तलावात कुणी नव्हतं. मग तिला तो दिसला. समुद्राच्या शेवटच्या पायरीवर, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून बसला होता. तिथवर तो तिला न विचारता, न उठवता, एकटा चालत गेला होता.

हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. एवढा राग आला होता तिला, आणि एवढं बरं वाटत होतं. डावा कोपर उगीच मोकळा मोकळा वाटत होता. तिनं तो उजव्या हातानं धरला आणि तशीच पडवीत उभी राहिली.

"उठलीस?" पेंटरनं मागे न वळता विचारलं. "ये खाली. पाय ओले कर."